तीन दिवस, सात चाके

दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीने काय करावे, याविषयी आमच्या आईचे मत अगदी ठाम होते. पहिल्या दिवशी झोपावे, दुसऱ्या दिवशी खावे आणि तिसऱ्या दिवशी भावाला ओवाळून, डोळ्यांना पदर लावून परतीच्या गाडीत बसावे. आईला जाऊन आता बरीच वर्षे झाली. पण २०२४ च्या दिवाळीत वाशीमला आम्ही जे तीन दिवस काढले ते तिने पाहिले असते, तर "हे माहेरपण आहे की सर्कस?" असेच तिने विचारले असते.

त्या वर्षी सण मोठे सोयीचे आले होते. शुक्रवारी, १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, शनिवारी पाडवा आणि रविवारी भाऊबीज. दादा ठाण्याहून वहिनी आणि दोन मुलांसह मोटारीने आला, आम्ही तिघे पुण्याहून रात्रीच्या बसने. दादाची गाडी फाटकाशी थांबली तेव्हा शेजारपाजारची सारी पोरे धावत आली, कारण गाडीच्या पाठीवर दोन सायकली उलट्या टांगलेल्या होत्या. जाड, दातेरी टायर. पुढच्या चाकाला स्प्रिंगांचे पाय. ब्रेकच्या जागी मोटारसायकलीसारख्या तबकड्या.

"हे काय आणलं रे?" आबांनी ओसरीवरून विचारले.

"माउंटन बाइक, आजोबा! डोंगरात चालवायची सायकल," सोळा वर्षांचा भाचा म्हणाला.

आबा थोडा वेळ सायकलींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि डोंगर कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. वाशीम समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे खरे, पण ते पठारावर. इथे सह्याद्रीसारखे कडे नाहीत. अजिंठ्याच्या रांगांचे शेवटचे वळसे, मधूनच एखादी उघडी टेकडी, आणि दोन टेकड्यांच्या मध्ये दूरवर काळी जमीन. गाव मात्र फार जुने. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच; अजिंठ्याची कित्येक लेणी ज्याच्या काळात कोरली गेली तो हरिषेण याच घराण्यातला. राजशेखराने तर 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न याच गावी लावून दिले आहे. ही गोष्ट आबांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत निदान तीस तुकड्यांना सांगितली असेल. "साहित्याची सासुरवाडी कोणती ते मला सांगता येत नाही, लग्नाचं गाव मात्र आपलंच," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

पण त्या दिवाळीत आबा गोष्टी सांगण्याच्या मनःस्थितीत नव्हते. वय ब्याऐंशी. आदल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. काठी धरून ओसरीपासून फाटकापर्यंत, एवढेच त्यांचे जग उरले होते. दादाचे म्हणणे असे, की घर विकून टाकावे आणि आबांनी ठाण्याला यावे. दादाचे चुकत होते असेही नाही. रात्रीबेरात्री फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा येतो, तो मी पाहिला आहे. आबा यावर हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. आणि जन्मभर वर्गावर बोललेला मास्तर गप्प बसला, की सारे घरच जड होते. या तीन दिवसांत काय ते ठरवायचे, असा दादाचा बेत होता. सायकली, फराळ आणि फटाके ही सगळी त्या बेतावर घातलेली वरवरची रांगोळी.

शुक्रवार : दोन चाके

सकाळी चहाच्या वेळी भाच्याने माउंटन बाइकचा इतिहास सांगायला घेतला. हल्लीच्या मुलांना आपल्या आजोळचा इतिहास ठाऊक नसतो, पण सायकलीचा असतो. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही हुन्नरी तरुण होते. भंगारातून १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, जाडजूड सायकली विकत घ्यायच्या, डोंगरावर चढवायच्या आणि कच्च्या वाटेने सुसाट खाली यायचे, हा त्यांचा खेळ. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. त्या सायकलींना पायडल उलटे दाबून लावायचा ब्रेक असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापायचा, की आतले ग्रीस धूर होऊन उडून जायचे आणि पुन्हा भरावे लागायचे. म्हणून शर्यतीचे नावच पडले 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरा! पुढच्याच वर्षी जो ब्रीझ नावाच्या कारागिराने या खेळासाठी खास सांगाडा बनवला, आणि १९९६ मध्ये अ‍ॅटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखलही झाला.

आबा इतका वेळ बशीकडे बघत होते. ते एकदम म्हणाले, "म्हणजे जुन्या जड सायकलीच ना? मग ते आम्हीही केलं आहे. फक्त आम्हाला कुणी घड्याळ लावलं नाही."

आणि पहिल्यांदाच आबा खुलले. १९६४ साली घेतलेली काळी अ‍ॅटलस. पंचायतीच्या गावात शाळा, आणि तिथे जायला शेतातून पांदण. पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवायचे, नाहीतर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये काळी माती अशी बसते की चाक फिरत नाही. हातात बाभळीची एक काडी, माती टोकरायला. "कोरड्यात सायकल मास्तराला नेते, आणि चिखलात मास्तर सायकलीला नेतो," असे ते म्हणाले. शहरात नगरपालिकेचा पितळी बिल्ला पाहिजे, रात्री दिवा पाहिजे, डबलसीट दिसला की पोलिसाची शिट्टी. नव्या सायकलीचे गिअर भाच्याने समजावून सांगितले. पुढे लहान चक्र आणि मागे मोठे घेतले की पायडलच्या एका फेरीत चाक पुरती एक फेरीही फिरत नाही, म्हणून चढण हलकी होते. तेव्हा आबा हिशेब करून म्हणाले, "माझी अ‍ॅटलस एका फेरीत सुमारे अडीच फेऱ्या धावायची. चढणीवर गिअर नव्हता. उतरून हातात धरायची, हाच गिअर."

भाच्याने त्यांना नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांच्याविषयीही सांगितले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्याने बारा दिवसांच्या आत सायकल मारणारा हा आपल्या वऱ्हाडाच्या शेजारचा माणूस. त्याच शर्यतीत त्यांच्या थोडे आधी लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ पोचले, आणि ही शर्यत एकट्याने पुरी करणारे ते दोघे पहिले भारतीय ठरले. आबांनी ते ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "झोपले कधी?"

मग त्यांनी जुन्या कॅलेंडरचे एक पान मागवून घेतले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढला. माझी आत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण, शिरपूरच्या वाटेवरच्या एका खेड्यात राहते. पांदणीने तेरा किलोमीटर. मारोतीचा पार, मग पडकी विहीर, मग नाला, नाल्यापलीकडे मोठी चिंच, चिंचेपाशी डावीकडे. भाचा आणि माझी चौदा वर्षांची लेक यांनी फराळाचा डबा घेऊन आत्याआजीकडे जायचे आणि दिवेलागणीच्या आत परतायचे, असे ठरले. दुपारी दोन वाजता दोघे निघाली.

साडेपाच वाजले. सहा वाजले. लक्ष्मीपूजनाची मांडणी झाली, पणत्यांत तेल घातले, पण एकाचेही लक्ष देवीकडे नव्हते. फोन लागत नव्हता. आत्याकडे फोन केला तर मुले चार वाजताच तिथून निघाली होती. दादाने मोटार काढली आणि सव्वासातला, तो कोपऱ्यावर वळतो न वळतो तोच, चिखलाने माखलेली दोन भुते हसत हसत समोरून आली.

झाले होते असे. परतताना चिंच सापडलीच नाही. चिंच नाही म्हणजे डावे वळण नाही. अंधार पडत आला. सोंगून झालेल्या सोयाबीनच्या सुड्या, पिवळ्या फुलांनी भरलेली तूर, आणि सगळ्या वाटा सारख्या. शेवटी दूर दिव्यांची एक ओळ हलताना दिसली. तो बंजाऱ्यांचा तांडा होता. अवसेच्या संध्याकाळी तांड्यातल्या मुली हातात दिवे घेऊन घरोघर, थोरामोठ्यांसमोर जातात, गाणे म्हणतात, त्यांना ओवाळतात. त्याला 'मेरा' म्हणतात. वाशीम जिल्ह्यातले मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान, सगळ्या बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्येच त्यांच्या परंपरेचे मोठे संग्रहालयही सुरू झाले होते. पण आमच्या मुलांना परंपरेचे पहिले दर्शन झाले ते असे, हरवल्यावर.

त्या दिव्यांतल्या एका मुलीने, नववीतली असेल, आपला दिवा मैत्रिणीच्या हातात दिला. "वाशीमले जाता ना? या वाटेनं नका जाऊ, ओलीत चालू हाय, फससान. माह्या मागं या." आणि तिने आपली शाळेची सायकल काढली. एक ब्रेक नसलेली, गिअर वगैरे काही नाही. शेताच्या धुऱ्यावरून, हातभर रुंदीच्या वाटेवरून ती पुढे आणि आमचे दोघे मागे. दोन किलोमीटरांवर डांबरी सडक आली तशी तिने बोटाने वाशीमची दिशा दाखवली आणि तशीच अंधारात परत फिरली. तिचा मेरा अर्धा राहिला होता.

"तिला गिअर नव्हते, आई," लेक मला न्हाणीघरात सांगत होती, "आणि आम्ही तिला गाठूच शकलो नाही."

राज्यातल्या मागास तालुक्यांसाठी मानव विकास कार्यक्रम आहे. त्यात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरांपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, आणि २०१८ मध्ये देशाच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत गेला. आकांक्षित हा मागासचाच जरा शहाणा प्रतिशब्द. अशा यादीतली सायकल कशी दिसते, ते त्या रात्री आमच्या लेकीने पाहिले.

पण त्या रात्रीचा खरा प्रसंग पुढेच होता. मुले सुखरूप आली तशी दादाची भीती रागात बदलली आणि तो राग आबांवर निघाला. "त्या जुन्या नकाशाच्या भरवशावर पोरं पाठवलीत! चिंच कुठे आहे तिथे? पाहिली आहे का तुम्ही एवढ्यात?"

आबा काही बोलले नाहीत. पूजा झाली, प्रसाद झाला. निजताना मी पाण्याचा तांब्या द्यायला गेले, तर ते अंधारात जागेच होते. म्हणाले, "चिंच पडली, आणि मला कुणी सांगितलं नाही."

शनिवार : तीन चाके

पाडव्याच्या दिवशी धाकट्या भाचीचा मान होता. वय अकरा. तिची तक्रार अशी की थोरल्यांना सायकली आणि तिला काही नाही. ठाण्याच्या बाजूला तिने गो-कार्ट चालवली होती. डोक्याला शिरस्त्राण, कडेने टायरांच्या भिंती, पैसे भरून मोजून दहा फेऱ्या. ते वर्णन तिने गल्लीतल्या पोरांना इतक्या वेळा ऐकवले, की शेवटी त्यांतला एक उठून म्हणाला, "आमच्यापाशी बी हाय."

आणि त्यांच्यापाशी खरोखरच होती. एक फळी, पुढे एक आणि मागे दोन, अशी ट्रॅक्टरच्या गॅरेजातून मागून आणलेली तीन जुनी बेअरिंगे, पुढचे बेअरिंग एका आडव्या दांडीवर, दांडी मध्ये बोल्टाने फळीला जोडलेली, आणि दांडीच्या दोन टोकांना सुतळी. पायांनी दांडी ढकलायची, सुतळीने सावरायची. ब्रेक म्हणजे चप्पल. आवाज असा, की सिमेंटच्या रस्त्यावरून ती निघाली की चार घरांतल्या माणसांना वाटावे, पिठाची गिरणीच रस्त्याने चालली आहे.

पोरे उगाच बढाई मारत नव्हती. गो-कार्टचा जन्म याहून फारसा वेगळा नाही. १९५६ साली अमेरिकेत आर्ट इंगेल्स नावाच्या, शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचे इंजिन लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर बसवले. तीच पहिली गो-कार्ट. जर्मनीत मायकेल शूमाकर चार वर्षांचा असताना त्याच्या बापाने त्याच्या पायडलच्या गाडीला छोटे इंजिन जोडून दिले, आणि पोराने ती पहिल्यांदा नेऊन दिव्याच्या खांबावर घातली. पुढे तो सात वेळा जगज्जेता झाला. तेव्हा खांबावर आपटणे हे काही नालायकीचे लक्षण मानायचे कारण नाही.

हे मी इतक्या तपशिलाने सांगते, कारण आमची भाचीही खांबावरच गेली.

शर्यत गल्लीच्या उतारावर. सकाळी गायगोधनाचे पूजन आटोपले होते. गायींच्या शिंगांना रंग, गळ्यात माळा. अंगणातल्या रांगोळ्या वाचवण्यासाठी बायकांनी आधीच अटी घातल्या होत्या. ठाण्याच्या टायरांच्या भिंतींऐवजी इथे कुटाराची पोती लावली. सोयाबीनच्या मळणीनंतर उरलेला तो भुसा, या दिवसांत घरोघर रचलेला. पंच म्हणून आबांना ओसरीवर खुर्ची टाकून बसवले, हातात शाळेतली जुनी शिट्टी.

पहिल्या दोन फेऱ्या पोरांच्या. तिसरी भाचीची. ती अशी सुटली की आबांनी शिट्टी तोंडातून काढायच्या आत कोपरा आला. तिने दांडी वळवली, गाडी वळली, पण अंमळ जास्तच. विजेच्या खांबाच्या बुंध्याशी शेजारच्या काकूंनी दूरदृष्टीने एक पोते ठेवले होते. त्या पोत्यात गाडी शिरली, पोते फुटले आणि भाचीसकट सारी गल्ली कुटाराने पिवळी झाली. गुडघा खरचटला. वहिनी धावत गेल्या. दादा ओरडायच्या बेतात होता.

तेवढ्यात ओसरीवरून आबांचा आवाज आला. वर्गावर यायचा तोच, खणखणीत : "पडलीस ते ठीक. चूक काय झाली, सांग."

भाची कुटारातून उठली, नाक पुसले आणि म्हणाली, "वळायच्या आधी चप्पल घासायला पाहिजे होती."

"बस खाली. पुन्हा एकदा."

आणि आबा चालत निघाले. काठी टेकत ओसरी उतरले, फाटक ओलांडले, गल्लीतून वीस-पंचवीस पावले चालत कोपऱ्यापर्यंत गेले आणि खांबाजवळ उभे राहिले, कुठे चप्पल घासायची ती जागा दाखवायला. आम्ही सगळे बघत राहिलो. वर्षभरात ते फाटकाबाहेर गेले नव्हते. दादाने पुढे होऊन हात धरायला पाहिला, पण मी त्याची बाही ओढली.

चौथ्या फेरीत भाची पोचली. पहिली नाही आली, पोचली.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. ती पंच्याऐंशीची, कानाने जरा कमी, म्हणून फोनवर ती ओरडते आणि साऱ्या घराला ऐकू येते. "काऊन रे भाऊ? पोट्ट्याहाती डबा धाडला तसा उद्या ओवाळणी धाडू नको. तू येशील तं ताट फिरवीन, नाही तं ताट तसंच ठेवीन."

आबा म्हणाले, "येतो वं बाई."

फोन ठेवून त्यांनी आमच्याकडे पाहिले. "चिंच पडली ती जागा बघायची आहे मला," असे म्हणाले. दादाने तोंड उघडले आणि मिटले.

रविवार : पुन्हा दोन

अडचण अशी होती, की आत्याच्या गावाच्या अलीकडे नाल्यावर पुलाचे काम चालू होते. मोटार नाल्यापर्यंत जाणार. पुढची दीड-दोन किलोमीटरांची पांदण. आत्याने उत्तर शोधून ठेवले होते. नाल्याशी बंडी उभी होती. वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. लाकडी चाके, त्यांवर लोखंडी धाव, आत गवताचा जाड थर, वर गोधडी आणि एक लोड. आत्याचा नातू कासरा धरून. दादाने आणि त्याने आबांना दोन्हीकडून उचलून लोडाशी बसवले. दादाच्या चेहऱ्यावर अजून काळजी होती, पण दोन्ही हात लागले ते लागलेच.

आत्याच्या नातवाची बैलजोडी देखणी. त्याला पटाचा नाद. विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती कायम ठेवली. या तारखा तो मुलगा पाढ्यासारख्या म्हणतो. "त्या सात-साडेसात वर्षांत बैल कोणी वागवले असते, भाऊ? ट्रॅक्टर असताना? आम्ही नादापायी वागवले." न्यायाचा मुद्दा काय तो न्यायालयांनी पाहिला, त्या सकाळी आमच्या कामी तो नाद आला, एवढे खरे.

बंडी निघाली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन माउंटन बाइका, राजाच्या मिरवणुकीतल्या घोडेस्वारांसारख्या. पण मिरवणूक चारशे पावलांवर संपली. ओलिताचे पाणी पांदणीवर फुटले होते. काळी माती ही काळ्या पाषाणाची झीज. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, आणि ओली झाली की लोण्यासारखी चिकटते. सायकलीचे रुंद दातेरी टायर तिला फार आवडले. टायर आणि चिमटा यांच्यामध्ये ती गच्च बसली आणि दोन्ही सायकली जागच्या जागी थांबल्या. बंडीची चाके मात्र उंच, अरुंद, आणि त्यांच्यावर माती अडकायला वर काहीच नाही. ती चिखल कापत, करकरत पुढे गेली.

आबांनी कासरा ओढायला सांगितले. "काडी आणली आहे का रे?"

भाच्याने मान हलवली. काडी नव्हती.

"मग टाका वर."

दोन्ही माउंटन बाइका उचलून बंडीत घातल्या. मध्ये आबा, एका बाजूला एक सायकल, दुसऱ्या बाजूला दुसरी. आणि आबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "डोंगरातली सायकल!" एवढेच त्यांना म्हणता येत होते. दादाही हसला. मला वाटते त्या तीन दिवसांत तो पहिल्यांदाच हसला असेल.

चिंचेच्या जागी बुंधा होता. वर्षभरापूर्वी वादळात पडली, असे नातवाने सांगितले. आबांनी बंडी थांबवायला लावली. खिशातून तो कॅलेंडरचा कागद काढला आणि पेन भाच्याच्या हाती दिले. "चिंच खोड. बुंधा लिही. धुऱ्यावरून तांड्याची वाट काढ. त्या मुलीनं दाखवली ती. आणि इथे लिही : ओलीत."

आत्याकडे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण असा थाट होता. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले ते रोडगे तुपात चुरताना शहरातली मुले मुकाट झाली, यातच सारे आले. त्याआधी ओवाळणे. पंच्याऐंशी वर्षांची बहीण ब्याऐंशी वर्षांच्या भावाला ओवाळते, तेव्हा ताट थरथरते आणि ज्योत हलते. तिच्या सुनेने खालून हात लावला. आबांनी लुगडे आणि पाकीट ठेवले. आत्याने पाकिटाकडे पाहिलेही नाही.

"ठाण्याले चालला म्हणे?"

सगळे गप्प. दादाने खाली पाहिले. मग सावकाश म्हणाला, "आत्या, रात्री ते एकटे असतात. पुन्हा पडले तर?"

"पडंल तं पडंल, असं मी कशाले म्हणू? तुही काळजी खरी हाय," आत्या म्हणाली. "पण सालाचं एक ताट मी कोणापुढं फिरवू, ते सांग."

या प्रश्नाला ठाण्यात उत्तर नव्हते, आणि दादाच्या प्रश्नाला वाशीमात. शेवटी आबाच बोलले. त्यांचा सारा हिशेब त्यांनी मनात कधीच केलेला होता, कुणी विचारायचे थांबले होते. "उन्हाळा मला इथे सोसत नाही. पाण्याची ओढ, आणि उन्हाचा तडाखा. आखाजी झाली की ठाण्याला येईन. पोळ्याला परत. घर विकायचं नाही. रात्री सोबतीला शिकणारा एखादा मुलगा ठेवू. खोली त्याला फुकट, आणि गणित मी शिकवीन."

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "आणि न्हाणीघरात दांडी बसवून घ्याल? धरायला?"

"दोन बसवीन," आबा म्हणाले.

त्या रात्री वाशीमला परतल्यावर मी दादाला ओवाळले. त्याने पाकीट दिले, वर म्हणाला, "तू शनिवारी माझी बाही का ओढलीस ते आज कळलं." बहिणीला यापेक्षा मोठी ओवाळणी काय असते, ते मला ठाऊक नाही.

ठरल्याप्रमाणे २०२५ च्या आखाजीनंतर आबा ठाण्याला गेले. त्यांच्या तिथल्या मुक्कामातच, ५ जूनला, समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला. पोळ्याला परतताना गाडी त्याच रस्त्याने आली. त्या रस्त्यावर सायकलीला काय, मोटारसायकलीलाही मनाई आहे; आबांनी दर फलकाशी ते मुद्दाम वाचून दाखवले म्हणे. ठाण्याच्या घरात भिंतीवर आता कॅलेंडरच्या पाठीवरचा तो नकाशा लावलेला आहे, चिंच खोडलेली, तांडा वाढवलेला. वाशीमच्या न्हाणीघरात दोन दांड्या आहेत.

आणि ठाण्याहून येणाऱ्या गाडीच्या पाठीवर यंदाही दोन सायकली उलट्या टांगलेल्या असतील. या वेळी भाच्याने पुढच्या सामानात बाभळीच्या दोन काड्या घेतल्या आहेत, असे समजते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज जवळ आली असेल. नाल्यावरचा पूल एव्हाना झालाही असेल. पण आत्याचा निरोप आला आहे : पूल असो नसो, बंडी नाल्याशी उभी राहील.